एका तासाचं विमान

"विमानाने काय, एक तास!" हे वाक्य माझ्यासमोर कुणी उच्चारलं की माझं डोकं फिरतं. घरातल्या मुलांना ते ठाऊक आहे, म्हणून ती मुद्दाम उच्चारतात. परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ कोलंबोला सहलीला जाऊन आल्याचं सांगत होते. निघालो काय, पोचलो काय, मधे नुसता एक तास. मी म्हटलं, "तास कुठून मोजता हो? घराच्या दारातून की विमानाच्या?" पंगत हसली. मी हसले नाही, भात कालवत राहिले.

त्या एका तासापायी माझ्या आईने आयुष्यात एकदाच तोंड उघडून मागितलेली गोष्ट तिला मिळाली नाही. ते मी सांगणार आहे आणि रागानेच सांगणार आहे. इतकी वर्षं झाली, आता राग निवायला हवा असं लोक म्हणतात. का निवावा?

आमचं घर लष्कर मोहल्ल्यात. खाली शिलाईचं दुकान, वर आम्ही. कित्येक पिढ्या म्हैसुरातच गेलेल्या. घरात मराठी बोलायचं, म्हणजे आम्हाला मराठी वाटतं ते. पुण्याहून आलेला एक पाहुणा दोन दिवस राहून जाताना म्हणाला होता, "तुमचं निम्मं कळलं, छान वाटलं." वडील वारल्यावर दुकान अण्णाकडे आलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या हाताला तोड नव्हती हे मी रागातही कबूल करते. कोटाचा खांदा तो असा बसवी की कुबडा माणूसही ताठ दिसावा. मी नजरबादेतल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. आमच्या दोघांच्या मधली अक्का, तिला दिली होती कोलंबोत.

कोलंबो ऐकून लोकांचे डोळे मोठे व्हायचे, पण त्यात नवल काही नव्हतं. तिचे सासरे आमच्यातलेच, शिलाईचंच दुकान. त्यांचे वाडवडील तंजावरकडून तिकडे गेलेले. लग्न म्हैसुरात झालं, मांडव आमच्या गल्लीत पडला, आणि अक्का आगगाडीने, मग बोटीने, मग पुन्हा आगगाडीने सासरी गेली. आमच्यापैकी कुणी तिचं घर पाहिलेलं नव्हतं.

लग्नाला दोन वर्षं होत आली आणि अक्काला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे विचारायचीही गरज नसते. पण तिच्या तिथे राहण्याच्या परवान्याचं काहीतरी अडलं होतं. देश सोडून बाहेर पडली तर परत आत घेतील की नाही, कुणी छातीठोकपणे सांगेना. त्या काळात तिकडच्या आणि इकडच्या साहेबांनी मिळून माणसांचे जे हाल केले, त्यातला हा एक बारीकसा हाल. बायको कुठली, नवरा कुठला, पोर कुठे जन्मायचं, हे ठरवणार टेबलामागचा माणूस. अक्काचं पत्र आलं, "मला येता येणार नाही. आईला पाठवा. मला फार भीती वाटते."

आईने कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. वडिलांकडेही नाही. ती उठून खाली दुकानात गेली, अण्णा कापड बेतत होता त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला तिच्याजवळ पोचव. कळा सुरू व्हायच्या आधी. दुसरं काही नको मला."

अण्णा म्हणाला, "पोचवतो. त्यात काय?"

पोचवायला काही नव्हतंच. म्हैसूरहून बेंगळूर, तिथून तिरुचिरापल्ली, तिथून रामेश्वर. धक्क्यावर बोट लागलेली असायची. दुपारभराचा समुद्र, पलीकडे तलाईमन्नार, तिथे बोटीसमोरच आगगाडी उभी, तिच्यात झोपायचं की सकाळी कोलंबो. अख्खी मद्रासकडची माणसं शंभर कामांना याच रस्त्याने ये-जा करत होती. अक्का स्वतः असंच गेली होती. मी म्हटलं, "तीन तिकिटं काढ, झालं."

पण अण्णाच्या मनात सूट होता.

हे इतरांना सांगून पटत नाही, म्हणून नीट सांगते. आमच्या घरात एक पद्धत होती. व्याही शिंपीच असेल, तर पहिल्यांदा त्याचा उंबरा चढताना आपण स्वतःच्या हाताने शिवलेला नवा पोशाख घालायचा. व्याही पाणी देतो, बसा म्हणतो, आणि हसत हसत तुमची बाही धरून आत वळवतो. अस्तर बघतो, काजं बघतो, शिवण नखाने ओढून बघतो. सगळं थट्टेत चाललेलं असतं, पण तो बघत असतो आणि तुम्हालाही ते ठाऊक असतं. माझ्या आजोबांनी म्हणे वडिलांच्या सासऱ्यांची बाही वळवून नुसतं "हं" केलं होतं, आणि ते "हं" आमच्या घरात माझ्या लहानपणापर्यंत निघत होतं.

तर अण्णाने सूट शिवला. बिस्किटी रंगाचं टेरीवूल. पत्र आलं त्या आठवड्यात बेतला आणि गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून पुरा केला. काजं हाताने, अस्तर रेशमी. आणि सूट टांगून त्याच्याकडे बघता बघता त्याच्या लक्षात आलं की हा सूट आगगाडीच्या बाकड्यावर आणि बोटीच्या फळीवर चुरगळणार. इंजिनाची काजळी बसणार. समुद्राच्या दमट हवेने कॉलर लोळणार. आणि अशा कोटात व्याह्याच्या दारात उभं राहायचं?

तिरुचिरापल्लीहून कोलंबोला विमान जायचं. एक तासाचं.

"तू सुम्नं रहा ग," तो मला गप्प करत म्हणाला. "तुला काय कळतंय त्यातलं? बोटीत चहाच्या मळ्यातले मजूर, त्यांच्या कोंबड्या, त्यांच्या वळकट्या. आईला त्यांच्यात बसवू? व्याही काय म्हणतील? विमानात बसलं की एक तास. आयतु!"

आयतु म्हणजे झालं. हा आमच्या घरातला शेवटचा शब्द. अण्णाच्या तोंडून तो पडला की बोलणं संपलं. मी मात्र संपवलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, आईला पोचायचंय की कोटाला?" वैनीने माझ्याकडे डोळे वटारले. आई लाडवांसाठी डिंक तळत होती, ती तळतच राहिली. ती मुलाच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती आणि लेकीसाठीसुद्धा तिला ते जमेना.

वैनी घरी राहिली आणि आम्ही तिघं निघालो. तिरुचिरापल्लीपर्यंत अण्णाने सूट कापडी पिशवीत घालून डब्यातल्या खुंटीला टांगला आणि वाटभर त्याच्याकडे नजर ठेवली. सकाळी स्टेशनावरच्या विश्रांतीगृहात तो घातला आणि आम्ही विमानतळावर गेलो.

विमानतळावर आमचं सामान काट्यावर चढलं. आईने बाळंतिणीसाठी काय काय घेतलं होतं! डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा, घरच्या लोण्याच्या तुपाचा डबा, आणि मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांची दुपटी. काउंटरवरचा माणूस बोटाच्या टोकाने तुपाचा डबा बाजूला सारत म्हणाला की हे जाणार नाही, गळतं. आईने त्याला कापड बांधलेलं तोंड दाखवलं, वर मेण लावलं होतं तेही दाखवलं. तो बघायलाही तयार नव्हता. मग म्हणाला, वजन जास्त आहे, काय ठेवायचं ते ठरवा. आईने तिथे जमिनीवर बसून गाठोडं सोडलं. लोक वळसा घालून जात होते. अण्णा सुटाला हात लागू नये म्हणून उभाच राहिला. ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि एवढं करून विमान आलंच नाही.

आधी उशीर आहे म्हणाले. मग म्हणाले रद्द. विमानाचा काहीतरी भाग यायचाय, उद्या नक्की. अण्णाने जावयांना तार केली, उद्या येतो. आम्ही स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये गेलो. मी खोलीत थांबलेच नाही. स्टेशनावर जाऊन विचारून आले. रामेश्वरची गाडी त्याच दिवशी सुटत होती. बोट रोज नसायची, पण नेमकी दुसऱ्या दिवशी होती. परवा सकाळी आपण अक्काच्या दारात असू, असं मी अण्णाला सांगितलं.

"आणि उद्या विमान आहे," तो म्हणाला. "उद्या दुपारीच पोचतो आपण. तुझ्या बोटीच्या कितीतरी आधी."

हिशोब त्याचाच बरोबर दिसत होता, हीच तर त्या विमानाची लबाडी. आगगाडी उशिरा आली तरी ती कुठेतरी वाटेत असते. मागच्या स्टेशनावरून सुटली, पुढच्या स्टेशनावर पोचली, कुणीतरी घंटा वाजवतो, माणूस गाठोडं उचलून उभा राहतो. बोट लागली नाही तर धक्क्यावर जाऊन समुद्र खवळलाय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. विमान मात्र काउंटरमागच्या माणसाच्या तोंडात असतं. तो म्हणेल तेव्हा ते असतं आणि नाही म्हणाला की नसतं. दर खेपेला एकच तास पुढे धरलेला, आणि त्या तासाच्या आशेवर तुम्ही दिवसच्या दिवस घालवता.

दुसऱ्या दिवशीही विमान रद्द झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. अण्णा रोज सकाळी तो लोकरी सूट चढवी, न जाणो बोलावणं येईल म्हणून. बाहेर तिरुचिरापल्लीचा उन्हाळा, खोलीत एक करकरणारा पंखा. तो पाठ न टेकता खुर्चीच्या कडेवर बसून राही. घाम कॉलरमधून खाली ओघळे. मला त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही. मी पुन्हा म्हटलं, तर तो ओरडला, "आता एवढं थांबलो आणि आता बोटीने जायचं? लोक हसतील!" कुठले लोक? त्या गावात आम्हाला कुत्रंही ओळखत नव्हतं.

आई खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलेली असे. गाडीची शिट्टी ऐकू आली की ती अण्णाकडे बघे, मग माझ्याकडे. मी तिला म्हटलं, "आई, तू उठ. तू नुसती उठ, मी तुला घेऊन जाते." ती म्हणाली, "त्याच्या मनाला लागेल ग."

शेवटी सहाव्या दिवशी विमान उडालं. हसऱ्या बाईने गोळ्या दिल्या, कानात घालायला कापूस दिला. अण्णा खिडकीशी बसला, कारण तिथे कोट कुणाला घासत नव्हता. आई मधल्या खुर्चीत डोळे मिटून पांडुरंगाचं नाव घेत होती. कापूस कानात घालून जरा स्थिर होतोय तोच उतरायची सूचना. तासही लागला नाही. खरंच लागला नाही, हे सांगताना मला अजून संताप येतो.

जावई न्यायला आले होते. रोज येऊन परत जात होते, असं मग कळलं. त्यांनी वाकून आईला नमस्कार केला आणि म्हणाले, "मुलगी झाली. परवा. दोघी बऱ्या आहेत."

आई "बरं झालं" म्हणाली. मोटारीत ती गाठोडं मांडीवर घेऊन बसली.

घर गाठलं. अण्णा खाली उतरून कोट ओढून सारखा करत उंबऱ्यावर उभा राहिला. व्याही आतून आले, अंगात बनियन, गळ्यात मोजायची टेप. त्यांनी आधी आईला आत जायला सांगितलं. मग अण्णाकडे वळून मनापासून नवल करत विचारलं, "विमानाने का म्हणून आलात? आम्ही तर सगळी माणसं बोटीनेच जातो येतो."

अण्णा काहीतरी पुटपुटला, कोट चुरगळला असता वगैरे.

"अहो, मग चुरगळायलाच हवा की!" व्याही म्हणाले. "चुरगळलेला कोट झटकला की जागच्या जागी बसतो का, तेच तर बघायचं असतं." आणि त्यांनी बाही वळवलीच नाही. दोन दिवस जागलेल्या घरात कुणाला ते सुचणार होतं?

आत अक्का पलंगावर होती. आईला बघून तिने हात पुढे केला नाही. नुसतं विचारलं, "विमान बंता, आई?" आलं का विमान, एवढंच. त्यात टोमणा नव्हता. थकलेल्या माणसाने चौकशी करावी तसं. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि बाळ मांडीवर घेतलं.

विहीणबाई भल्या होत्या. त्यांच्या पोटात काही नव्हतं, म्हणून जे झालं ते त्यांनी सरळ सांगून टाकलं. कळा सबंध दिवस चालल्या. पोर आई, आई करून हाका मारत होती. "मी म्हटलं, अग मी आहे ना. तर माझा हात झटकून म्हणते, तुम्ही नाही, माझी आई." असं सांगून त्या हसल्या. आईही हसली. मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

बारसं झालं आणि अण्णा विमानाने परत गेला. दुकान होतं ना. आम्ही दोघी राहिलो, मी बिनपगारी रजा वाढवून घेतली. निघायची वेळ आली तेव्हा जावयांनी विचारलं की विमानाचं बघू का. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मी बोटीने जाणार." असा ठाम आवाज मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

आता कुणी म्हणेल, ही बोटीचं कौतुक करणार. कौतुक कसलं! आगगाडीच्या संडासात पाय ठेववत नव्हता. तलाईमन्नारला जकातीच्या माणसांनी बायकांची गाठोडी अशी उपसली जणू आम्ही चोर. आणि बोटीवर ती मळ्यातली माणसं होती, अण्णाने नाक मुरडलं होतं ती. दोन्ही सरकारं आपसांत करार करून त्यांना कायमचं इकडे धाडत होती. कागदावर लिहिलं होतं की ते आपल्या देशात परत चाललेत. परत? त्यांच्यातल्या एका म्हातारीला मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, तर तिने रामेश्वरही कधी पाहिलेलं नव्हतं. चहाच्या मळ्यात जन्मली, तिथेच तिची माणसं पुरली. राज्यं भाषेवरून नव्याने आखली तेव्हा एक गिऱ्हाईक आमच्या वडिलांना म्हणालं होतं, "आता तुम्ही तुमच्या राज्यात जा की." वडिलांनी शांतपणे त्याच्या विजारीचं माप घेतलं. आमचं तेवढ्यावर भागलं. या माणसांना खरोखरच पेट्यांसकट बोटीत भरलं होतं, आणि शिपाई त्यांच्यावर गुरांवर ओरडावं तसा ओरडत होता. मी त्या शिपायाशी भांडले. काही उपयोग झाला नाही, पण भांडले.

ती बोट पुढे बंद पडली, तिकडच्या यादवी लढाईत पलीकडचे रूळही गेले. म्हणून मग सगळ्यांना विमानच उरलं, आणि लोक समजतात की विमान चांगलं म्हणून उरलं.

तर त्या दिवशी ऊन कडक होतं आणि समुद्र अगदी शांत. आई कठड्याशी उभी होती. मी तिला सावलीत बस म्हटलं, ती हलली नाही. मागचा किनारा दिसेनासा झाला आणि जरा वेळाने समोर काहीतरी दिसू लागलं. आधी नुसती रेघ, मग झाडं, मग देवळाचं गोपुर. आईने बोट दाखवून विचारलं, "ते काय?"

"रामेश्वर," मी म्हटलं.

"आपलं?"

"हो."

तिने मागे वळून बघितलं, मग पुढे बघितलं. पुन्हा मागे बघितलं.

"एवढंच पाणी?" ती म्हणाली.



"ती हाका मारत होती," आई म्हणाली, "तेव्हा मी खुर्चीवर बसले होते. मला पोहता येत नाही, उडता येत नाही. पण उठता तर येत होतं."